‘हेफेले’ कुठे शोधायचं? जर्मन कोशांच्या तीन मोफत सेवांबद्दल, एका नर्सकडून

श्टुटगार्टच्या दक्षिणेला, वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात मी नर्स आहे. जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास होऊन भारतातून आले होते, त्यामुळे भाषेची भीती नव्हती. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला एका आजींनी बेल दाबली. मी गेले, तर त्या घाईघाईने म्हणाल्या, ‘‘श्वेस्टर (म्हणजे सिस्टर), माय हेफेले!’’

मी तशीच उभी राहिले. ‘हाफन’ हा शब्द मला माहीत होता. पुस्तकात हॅम्बुर्गच्या बंदरातल्या क्रेनचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं हाफन, म्हणजे बंदर. शब्दाला ‘ले’ लागलं की इकडे वस्तू लहान होते, एवढं तोवर कळलं होतं. मग छोटं बंदर? आजींना काय हवंय? सहकाऱ्याला बोलावून आणेपर्यंत अंथरूण ओलं झालं होतं आणि आजींनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. त्यांची ती वळलेली मान मी विसरलेले नाही.

हेफेले म्हणजे भांडं. आपल्याकडे वॉर्डात पेशंट ‘‘सिस्टर, भांडं द्या’’ म्हणतो ना, अगदी तेच भांडं. मराठीत कुणी तसं म्हटलं असतं तर मी अर्ध्या मिनिटात पॅन घेऊन हजर झाले असते.

पुढच्याच महिन्यात दुसरा प्रसंग. त्याच आजींना आंघोळीच्या खुर्चीवरून उठवत होते. त्या म्हणाल्या, ‘‘हेबेट से मी!’’ वर्गात शिकवलेलं ‘हेबन’ म्हणजे उचलणं. मी त्यांना काखेत हात घालून वर उचलायला गेले आणि त्या घाबरून ओरडल्या. त्यांना हवं होतं की मी फक्त धरावं, तोल जाऊ नये म्हणून. माझा श्वेबिश, म्हणजे इथल्याच श्वाबन भागातला, सहकारी नंतर शांतपणे म्हणाला, ‘‘आमच्याकडे हेबन म्हणजे धरणं. उचलणं म्हणजे लुप्फन.’’ ‘फूस’ म्हणजे पाऊल नव्हे तर मांडीपर्यंतचा आख्खा पाय आणि ‘टेपिश’ म्हणजे सतरंजी नव्हे तर अंगावर घ्यायची लोकरी चादर, हेही त्यानेच सांगितलं. दुखतंय कुठे, हे विचारणाऱ्या माणसासाठी यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे.

त्या हिवाळ्यात मी कोशांच्या मागे लागले. ज्या तीन सेवा मी वापरल्या, आजही जवळपास रोज वापरते, त्यांच्याबद्दल लिहिते आहे. तिन्ही मोफत आहेत, नोंदणी लागत नाही. माझ्यासारख्या नर्सेस, ड्रायव्हर, आयटीतली मंडळी, बोलीच्या मुलखात येऊन पडलेले सगळेच, यांच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

पहिली सेवा ‘व्योर्टरबुखनेट्स’, म्हणजे शब्दकोशांचं जाळं. ट्रियर विद्यापीठातल्या डिजिटल मानव्यविद्या केंद्राने ती उभी केली आहे. एक शब्द टाका, की कितीतरी कोश एकदम उघडतात: ग्रिम बंधूंचा महाकोश, लेक्सरचा मध्ययुगीन जर्मनचा कोश, आडेलुंगचा अठराव्या शतकातला कोश, आणि बोलींचे कोश, ऱ्हाइनलँडचा, पफाल्सचा, अल्सासचा, लोरेनचा. माझ्या शब्दाला इथेच पहिल्यांदा घर मिळालं. ‘हाफन’ टाकलं, आणि ग्रिममध्ये एकाच स्पेलिंगच्या दोन वेगळ्या नोंदी दिसल्या. एक बंदराची, एक मडक्याची. दोघं शेजारी, पण दारं वेगळी.

ग्रिम कोश पहिल्यांदा उघडणाऱ्याला एक सूचना. आजच्या जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं, आणि आपण परदेशी शिकणारे त्याच आधारावर वाक्य उलगडतो. याकोब ग्रिमला ती पद्धत मान्य नव्हती, म्हणून कोशाच्या मजकुरात सगळी नामं लहान अक्षरात आहेत. शिवाय अर्थ पुष्कळदा लॅटिनमध्ये सांगितलेले. पहिले दोन-तीन दिवस डोकं भणभणतं. पण मग सवय होते, आणि जुन्या ग्रंथांतली उदाहरणं वाचता वाचता पाळी संपल्यानंतरचा थकवा कुठे जातो कळत नाही. दोघा भावांनी १८३८ मध्ये काम हाती घेतलं, पहिला खंड १८५४ ला आला, शेवटचा १९६१ ला. एकूण ३२ खंड. याकोब १८६३ मध्ये गेला तेव्हा ‘फ्रुख्ट’, म्हणजे फळ, या शब्दापर्यंत आला होता. त्यामुळे माझा ‘हाफन’ त्याच्या हातचा नाही. ‘एच’ अक्षराचा खंड मोरिट्स हायनेने केला, १८७७ चा. मला हे कळल्यावर का कोण जाणे हायनेबद्दल जास्त आपुलकी वाटली. दुसऱ्याने अर्धवट सोडलेली पाळी पुढे चालवणाऱ्या माणसांबद्दल मला नेहमीच वाटते.

बोलींच्या कोशांत गेलं की मडक्याचा नकाशा हळूहळू डोळ्यांपुढे उभा राहतो. दक्षिणेत, म्हणजे श्वाबन, बव्हेरिया, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या पट्ट्यात स्वयंपाकाचं भांडं म्हणजे हाफन. ऱ्हाइनच्या बाजूला ते ड्युप्पन, हेसनमध्ये डिप्पे; फ्रँकफर्टच्या ‘डिप्पेमेस’ जत्रेचं नाव तिथे भरणाऱ्या मातीच्या भांड्यांच्या बाजारावरून पडलं. उत्तरेला पोट्ट. आणि पुस्तकात शिकवतात तो ‘टोप्फ’ मुळात पूर्व-मध्य जर्मनीतला, धर्मसुधारक मार्टिन लुथरच्या मुलखातला. बायबलच्या भाषांतरात त्याने आपल्याकडचेच शब्द वापरले, ते छापून सर्वदूर गेले, आणि आज टोप्फ हा ‘शुद्ध’ शब्द समजला जातो. आजच्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये आडाम पेत्री या मुद्रकाने १५२३ मध्ये लुथरचा नवा करार छापला, तेव्हा दक्षिणेतल्या वाचकांना कळावं म्हणून अवघड शब्दांची यादी जोडावी लागली होती. पाचशे वर्षांपूर्वी बाझेलचा वाचक जिथे अडला, तिथेच मी अडले होते, फक्त उलट्या दिशेने. टोप्फ मात्र मला पाठ करावा लागला नाही. ज्या घरात भाताचा टोप असतो तिथल्या मुलीला तो कसा विसरेल!

हाफनची पिल्लावळही मोठी आहे. बव्हेरियात ‘हाफर्ल’ म्हणजे कॉफीचा मोठा मग, ऑस्ट्रियात ‘हेफर्ल’. दुसऱ्याच्या स्वयंपाकात झाकणं उघडून बघणारा माणूस तो ‘हेफर्लगुकर’. ऑस्ट्रियातल्या बोलण्यात ‘हेफन’ म्हणजे तुरुंगसुद्धा. आणि ‘हाफ्नर’ म्हणजे कुंभार. पण ऑस्ट्रियात आज हाफ्नर कारागीर बोलावला तर तो घराची शेगडी, फरश्यांची ती उंच उबदार भट्टी, बांधायला येतो. हे मला आधी विचित्र वाटलं. कारण समजलं तेव्हा फार आनंद झाला: जुन्या भट्ट्यांना लावायच्या ‘काखेल’ मुळात सपाट फरश्या नव्हत्याच, वाडग्यासारखी, मडक्यासारखी खोलगट भांडी होती. ती मातीत रुतवून भट्टी रचायची, म्हणजे उष्णता सोडणारी बाजू वाढते. भांडी घडवणाराच भट्टी बांधणारा झाला. चाक गेलं, काम बदललं, नाव तेच राहिलं.

दुसरी सेवा बर्लिनची, ‘डी-डब्ल्यू-डी-एस’, म्हणजे जर्मन भाषेचा डिजिटल कोश. बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमी ती चालवते. आजचा अर्थ, वापराची उदाहरणं, आणि त्याच पानावर वोल्फगांग फायफरचा व्युत्पत्तिकोश. ग्रिममध्ये बुडायला वेळ नसेल त्या दिवशी मी फक्त हेच पान बघते. व्युत्पत्तीची नोंद सलग परिच्छेदात असते, त्यात संक्षेप खच्चून भरलेले; पण ‘एम-एच-डी’ म्हणजे मध्य-उच्च-जर्मन, ‘ए-एच-डी’ म्हणजे प्राचीन-उच्च-जर्मन, ‘एम-एन-डी’ म्हणजे मध्य-निम्न-जर्मन, एवढी तीन कळली तरी निभावतं.

इथेच तो क्षण आला, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. मडक्यातला हाफन दक्षिणेचा जुना शब्द, प्राचीन जर्मनमध्ये ‘हावन’. बंदराचा हाफन उत्तरेच्या निम्न-जर्मनमधून आलेला. ब्रेमरहाफन, विल्हेल्म्सहाफन, कुक्सहाफन या नावांच्या स्पेलिंगमध्ये अजून जुना ‘व्ही’ आहे, तो त्यामुळे. डॅनिश ‘हावन’ त्याचाच भाऊ, कोपनहेगन म्हणजे व्यापाऱ्यांचं बंदर. त्या शहराच्या लॅटिन नावावरून, हाफनियावरून, १९२३ मध्ये तिथे सापडलेल्या मूलद्रव्याला हाफनियम म्हणतात. म्हणजे दोन वेगळे शब्द, वेगळ्या दिशांनी आलेले. पण दोघांच्या मुळाशी जाऊन बघावं तर एकच क्रियापद: हेबन. आणि त्या हेबनचा जुना अर्थ उचलणं नव्हे. पकडणं, धरणं, सामावून घेणं. लॅटिन ‘कापेरे’ त्याच कुळातला. जे धरून ठेवतं ते मडकं, जे जहाजांना धरून ठेवतं ते बंदर.

मी खुर्चीत मागे टेकले. ‘‘हेबेट से मी’’ म्हणणाऱ्या आजी चुकीचं जर्मन बोलत नव्हत्या. माझ्या पुस्तकापेक्षा जुनं जर्मन बोलत होत्या. हेफेले आणि हेब, माझी दोन्ही फजिती करणारे शब्द एकाच आईची लेकरं निघाले. आणि मराठी माणसाला यात समजावून सांगण्यासारखं तरी काय आहे? धरणे, आणि त्याच्यावरून पाण्याला धरून ठेवणारं धरण. वाट तीच आहे.

शेजारी एक उपसूचना: श्वेबिशसाठी खरा खजिना म्हणजे हेर्मान फिशरचा श्वेबिश कोश. मी तो ग्रंथालयात छापील खंडांत वाचला, रविवार सोडून मिळेल त्या सुट्टीला. आणि स्विस बोलीसाठी ‘इडिओटिकोन’, १८६२ पासून चाललेलं काम, तेही ऑनलाइन मोफत बघता येतं. शुश्रूषेत काम करणाऱ्याने आपापल्या भागाचा कोश शोधावाच. भांडं, पाय, चादर, दुखणं, धरणं: या पाच गोष्टींचे शब्द आधी बघा.

तिसरी सेवा आडनावांची, ‘डी-एफ-डी’, म्हणजे जर्मनीच्या आडनावांचा डिजिटल कोश. माइन्झची विज्ञान आणि साहित्य अकादमी २०१२ पासून माइन्झ आणि डार्मश्टाट इथल्या विद्यापीठांबरोबर तो करते आहे. मी तिच्याकडे वळले त्याला कारणही त्याच आजी.

त्यांच्या पलंगावर भिंतीला एक चौकट टांगलेली होती. वाढदिवसाला नातवाने आणलेली, ‘आपल्या आडनावाचा उगम’ असं प्रमाणपत्र, खाली सोनेरी शिक्का, वर ढाल आणि ढालीवर शिडाचं जहाज. आजींचं माहेरचं आडनाव हेफ्नर. प्रमाणपत्र सांगत होतं की हे घराणं बंदराकाठी राहणाऱ्या दर्यावर्दी लोकांचं. असली प्रमाणपत्रं विकणारी दुकानं बरीच आहेत. याची पावती खणातच होती, ३९ युरो ९० सेंट. आजी होहेनलोहच्या, व्युर्टेम्बर्गच्या उत्तर टोकाच्या. मला एकदा हळूच म्हणाल्या, ‘‘आमच्या गावाला एक ओढा होता. उन्हाळ्यात तोही आटायचा.’’

डी-एफ-डीमध्ये आडनाव टाकलं की अर्थ, उगम, किती आढळतं याची नोंद आणि पसरणीचा नकाशा मिळतो. आधार आहे २००५ सालच्या टेलिफोन जोडण्यांचा, जेव्हा घरोघरी लँडलाइन होती. नकाशा वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. २००५ नंतर आलेले त्यात मोजलेले नाहीत. सीमेपलीकडचा ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड नाही, आणि हाफ्नरसारख्या दाक्षिणात्य नावाचं अर्धं गणगोत तिकडेच असणार. आणि युद्धानंतर लाखो माणसं पूर्वेकडून पश्चिमेत येऊन वसली, त्यांनी आणलेली नावं नकाशावर मुळांपासून दूर ठिपक्यांसारखी दिसू शकतात. पण ज्या नावाचा पट्टा दाट आहे, तिथे नकाशा फार स्पष्ट बोलतो.

कुंभाराचं आडनाव म्हणजे तर पाठ्यपुस्तकातलं उदाहरण म्हणावं इतकं सुंदर आहे. थुरिंगिया-साक्सनी या बाजूला ट्योप्फर. वेस्टफालियात प्योट्टर. हेसन आणि मध्य ऱ्हाइनकडे ऑइलर. घुबडाला जर्मनमध्ये ‘ऑइले’ म्हणतात म्हणून फसायला होतं, पण हे नाव मडक्याच्या ‘ऊले’ या जुन्या शब्दाचं, तो लॅटिन ‘ओल्ला’वरून आलेला. दक्षिणेत हाफ्नर. आणि फ्रांकन व व्युर्टेम्बर्गच्या उत्तर भागात, आजींच्या होहेनलोहच्या अंगाला, ‘आ’चा ‘ए’ होऊन हेफ्नर. लेक्सरमध्ये मध्ययुगीन ‘हावेनेरे’ सापडतो, कुंभार या अर्थाने; शेवटच्या प्रत्ययाने काही मुलखांत आधीचा स्वर बदलला, काहींत नाही. समुद्राशी काही संबंध नाही. नाव बंदराचं असतं तर नकाशा उत्तर किनाऱ्यावर गडद झाला असता.

बोलीचा ‘ले’ लागून झालेलं आडनाव हेफेले. होय, आपल्याकडे किचन ट्रॉली करणारा सुतार ज्या कंपनीच्या बिजागऱ्यांचं नाव घेतो, तेच. ती कंपनी ब्लॅक फॉरेस्टच्या काठावरच्या नागोल्डची, आणि संस्थापकाचं आडनाव म्हणजे शब्दशः मडकुलं.

सगळ्या सारख्या दिसणाऱ्या नावांना मात्र एका चुलीवर चढवू नये. हेबर्ले, हाबरर ही नावं ‘हाबर’ची, म्हणजे ओट धान्याची. हाफरकाम्प हे उत्तरेचं नाव ओटच्या शेताचं. हावमान यातला ‘हाव’ निम्न-जर्मन अंगणाचा, वाड्याचा. फ्रीडरिषहाफन हे श्वाबनमधलं गाव असूनही त्यातला हाफन बंदराचाच: १८११ मध्ये राजा फ्रीडरिषच्या नावाने बुखहोर्न आणि होफन एकत्र केलं, तेव्हा बोडन सरोवरावरच्या बंदरासाठी ते नाव पडलं. आणि काही नावं तर घेतलेली असतात: पत्रकार सेबास्टियन हाफ्नर जन्माने राइमुंड प्रेट्सेल, इंग्लंडमध्ये निर्वासित असताना त्यांनी हे टोपणनाव घेतलं. कोशकार प्रत्येक नाव वेगळं तपासून लिहितात, ढालीवर जहाज छापून मोकळे होत नाहीत. म्हणून माझा भरवसा यांच्यावर.

कुणाला कुठली सेवा? पटकन अर्थ हवा तर बर्लिनची. बोली हवी, किंवा एका शब्दात संध्याकाळ घालवायची असेल तर ट्रियरची. आडनाव असेल तर माइन्झची, आणि एखाद्याला ‘उगमाचं प्रमाणपत्र’ भेट द्यायचं मनात असेल तर त्याआधी नक्कीच माइन्झची. तिन्ही संपूर्ण जर्मनमध्ये आहेत. बी-टूच्या खाली असाल तर शेजारी कुणीतरी बसवून घ्या. मोबाइलवर ग्रिमच्या लांब नोंदी वाचू नका, मोठा पडदा लागतोच.

मी हेफ्नरचा नकाशा छापून आजींकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, होहेनलोहच्या गडद तुकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. ‘‘आमच्यात कुणी मडकी घडवल्याचं मी ऐकलं नाही,’’ म्हणाल्या. मी सांगितलं, आडनावं मध्ययुगाच्या उत्तरार्धात पक्की झाली, तेव्हाचा एखादा पूर्वज. त्यांनी मान डोलावली. मग चौकटीकडे बघून म्हणाल्या, ‘‘ती तिथेच राहू दे. पोराने प्रेमाने आणली आहे. हा कागद तिच्या पाठीला चिकटवा.’’

मी चौकट खुंटीवरून काढली. चिकटपट्टीचं टोक त्या नखाने शोधत होत्या, हात थरथरत होते. ‘‘हेबेट से,’’ म्हणाल्या. मी चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.